घर आपलं, धूर कुणाचा? घरातल्या धूम्रपानाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीतल्या ४८ फ्लॅटच्या एका सोसायटीची मी ११ वर्षं सेक्रेटरी होते. पाणी आणि पार्किंग यांच्या खालोखाल माझ्याकडे तक्रारी आल्या त्या सिगारेट-विडीच्या धुराच्या. सेक्रेटरीपद सुटलं, पण प्रश्न येत राहिले. आता ते दुसऱ्या सोसायट्यांमधून, गावाकडून, परदेशातूनही येतात. तेच तेच पुन्हा विचारलं जातं म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढची उत्तरं कुठून येतात ते कळेल. बंद दाराआड एकट्याने राहणाऱ्या माणसाने काय ओढावं, यात सरकारने पडू नये. पण ज्या घरात दुसरं कुणी श्वास घेतं, तिथे धूर नको. हा नियम पोलिसांनी करायचा नाही. तो घरातल्यांनी आणि इमारतीतल्यांनी मिळून करायचा आहे. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. प्रकरण कोर्टापर्यंत न्यायचं असेल तर वकिलाला भेटा.

१. स्वतःच्या घरात सिगारेट ओढायला कायद्याने बंदी आहे का?

नाही. भारतात २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे, ज्याला सगळे 'कोटपा' म्हणतात. त्याचं कलम ४ सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करतं. सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे लोकांना प्रवेश आहे अशी जागा: दवाखाने, हॉटेलं, सरकारी कचेऱ्या, शाळा-कॉलेजं, कोर्ट, वाचनालयं, बस-रेल्वे. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी त्यात कामाची ठिकाणं, मॉल, सिनेमागृहं यांची स्पष्ट नावं घातली. दंड २०० रुपयांपर्यंत. राहतं घर या व्याख्येत येत नाही.

या सगळ्याच्या मागे मुंबईचा एक धागा आहे. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान थांबवण्याचा आदेश दिला. न ओढणाऱ्याला दुसऱ्याच्या धुराने का म्हणून मरायला लावायचं, हा त्या निकालाचा गाभा होता. कायदा त्यानंतर आला. तो गाभा घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबला आहे, आणि खालचे बहुतेक प्रश्न तिथूनच सुरू होतात.

२. मग जिना, लिफ्ट, लॉबी, गच्ची? तिथे तरी ओढता येतं का?

कायद्यात 'सोसायटीचा जिना' असे शब्द नाहीत. पण व्याख्या बघा: लोकांना प्रवेश असलेली जागा, मग तो प्रवेश हक्काचा असो वा नसो. जिन्यात पोस्टमन येतो, दूधवाला येतो, पार्सल घेऊन मुलं येतात, पाहुणे येतात. सोसायटीचं ऑफिस आणि वॉचमनची केबिन तर सरळ कामाची जागा आहे. म्हणून बंदिस्त सामायिक जागेत धूम्रपान नको, ही भूमिका सोसायटीने बिनधास्त घ्यावी, सर्वसाधारण सभेत ठराव करावा आणि पाटी लावावी. सरकारी नियमांतली पाटी ६० बाय ३० सेंटिमीटरची असते, तीच वापरा. सोसायटीचा हॉल भाड्याने जात असेल तर तिथे ती हवीच.

उघडी गच्ची आणि बाग यांना कायदा सहसा लागत नाही, कारण मोकळी जागा वगळलेली आहे. तिथे सोसायटीने स्वतःचा नियम करावा. आमच्याकडे गच्चीचा एक कोपरा ठरवून दिला होता. पाण्याच्या टाकीपासून आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपासून लांब. वाळूचा डबाही ठेवला. थोटकं गॅलऱ्यांत पडायची थांबली. सगळ्या ११ वर्षांत एवढ्या कमी कष्टात मिटलेलं दुसरं भांडण मला आठवत नाही.

३. "माझं घर, माझे पैसे, माझी सिगारेट. तुम्हाला काय करायचंय?" यावर उत्तर काय द्यायचं?

हा प्रश्न चिडून विचारला जातो, पण तो खरा प्रश्न आहे. घराच्या आतलं आयुष्य हे माणसाचं स्वतःचं आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, आणि मला ते मनापासून पटतं. घराघरांत डोकावणारा इन्स्पेक्टर मला नको आहे.

पण वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी तुमच्या छतातून गळायला लागलं, तर 'माझं बाथरूम आहे' असं म्हणून कुणी हात झटकू शकतं का? लिकेज निघालं की प्लंबर येतो, टाइल्स उखडतात, खर्चाची वाटणी होते. मुंबई-ठाण्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. धूरही गळतो. फरक इतकाच, की त्याचा डाग भिंतीवर लगेच दिसत नाही. स्वातंत्र्य आपल्या चार भिंतींपुरतं आहे आणि धूर चार भिंतींपुरता राहत नाही. वाद फक्त या जागेवर आहे.

४. दुसऱ्याच्या धुराने खरंच एवढं नुकसान होतं का, की हा उगाच बाऊ आहे?

होतं. आणि हे कळायला लागून चाळीसहून जास्त वर्षं झाली.

१९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९१,५४० बायका, सगळ्या ४० वर्षांवरच्या, एकीनेही कधी सिगारेट ओढलेली नाही. त्यांच्यावर १४ वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांचे नवरे खूप सिगारेट ओढायचे, त्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं. सिगारेट नवऱ्याची, घर दोघांचं. तंबाखू उद्योगाने त्या अभ्यासावर टीका करायला भरपूर जोर लावला, पण नंतरच्या अनेक देशांतल्या अभ्यासांनी तेच दाखवलं.

कारण साधं आहे. दोन झुरक्यांच्या मधे सिगारेटच्या जळत्या टोकातून जो धूर निघत राहतो, तो फिल्टरमधून जातच नाही. फिल्टर ओढणाऱ्यापुरता. शेजारी बसलेल्याच्या वाट्याला येतो तो मुख्यतः हा बिनफिल्टरचा धूर. त्यात ७,००० हून अधिक रसायनं असतात आणि त्यांतली सुमारे ७० कॅन्सरला कारण ठरणारी आहेत. मोठ्यांना हृदयविकार आणि कॅन्सर, मुलांना दमा, कानाचं दुखणं, न्यूमोनिया, आणि तान्ह्या बाळाला झोपेतल्या झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका. गरोदर बाई धुरात राहिली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं स्वतः न ओढता, दुसऱ्याच्या धुराने मरतात.

मी गिरणगावात दहा बाय बाराच्या खोलीत वाढले. वडील विडी ओढायचे, आम्ही चौघं तिथेच झोपायचो. आईचा खोकला आम्हाला घड्याळाच्या टिकटिकीइतका सवयीचा झाला होता. तो कशाने आहे, हे कुणी विचारलंच नाही.

५. खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला, एअर प्युरिफायर घेतला, तर चालेल का?

नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या आरोग्यविषयक मुख्य डॉक्टरने, २००६ च्या अहवालात हा विषय मिटवला: धुराचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही, आणि हवा खेळती ठेवून किंवा गाळून संरक्षण मिळत नाही. संरक्षण मिळतं ते आत न ओढल्याने.

घरातली साधनं एकेक करून बघू. पंखा धूर पसरवतो, घालवत नाही. खिडकीतून वारा आत येत असेल तर धूर उलटा घरातच शिरतो. स्प्लिट एसी तर खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. त्यामुळे एसी लावून दार बंद करून ओढणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. प्युरिफायरचा फिल्टर बारीक कण पकडतो, वायू बहुतांशी निसटतात. वासावर फवारा मारला की फक्त वास झाकला जातो.

६. मी बाल्कनीत जाऊन ओढतो. आता तर झालं ना?

घरात ओढण्यापेक्षा बरं, एवढंच. सरकता दरवाजा घट्ट लावलात, कपडे वाळत नसले, वर-खाली-शेजारी खिडक्या उघड्या नसल्या, तर बरंच बरं. पण आपल्या इमारतींत बाल्कन्या एकावर एक असतात आणि गरम धूर वर जातो. तुमच्या घरातली मुलं वाचली, वरच्या मजल्यावरची सापडली. ज्यांनी ड्राय बाल्कनी ग्रिल आणि काचा लावून बंद केली आहे, त्यांची ती बाल्कनी आता खोलीच आहे. तिला बाल्कनी समजू नका.

आणखी एक गोष्ट: ओढून आल्या आल्या बाळाला उचलू नका. निकोटीन आणि इतर अवशेष कपड्यांवर, केसांवर, बोटांवर राहतात, सोफ्यावर आणि पडद्यांवर बसतात. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की असं बसलेलं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून कॅन्सरकारक द्रव्यं तयार करतं. रांगणारं मूल त्याच सोफ्याला धरून उभं राहतं आणि बोटं तोंडात घालतं. शर्ट बदला, हात-तोंड धुवा, मग घ्या.

७. आमच्या घरात कुणीच ओढत नाही, तरी बाथरूममध्ये सिगारेटचा वास येतो. हा येतो कुठून?

डक्टमधून, म्हणजे बाथरूमच्या मागे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून. खालच्या मजल्यावरचा माणूस बाथरूममध्ये एक्झॉस्ट लावून ओढतो, धूर डक्टमध्ये जातो, डक्ट चिमणीसारखा वर ओढतो. त्याच वेळी तुम्ही स्वयंपाकघरातली चिमणी लावली असेल तर घरातली हवा बाहेर जाते, आणि तिची जागा भरायला बाथरूमच्या झरोक्यातून डक्टची हवा आत येते. म्हणून स्वयंपाकाच्या वेळी वास जास्त येतो, असं बरेच जण सांगतात.

हे करून बघा. उलटी हवा अडवणारी झडप असलेला एक्झॉस्ट फॅन बसवा. झरोक्याच्या काचांच्या फटी सील करा. मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी आहे ना ते बघा. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये ते आटतं आणि खालची हवा थेट वर येते, आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. पाइप भिंतीतून जातात तिथली भोकं बुजवा. याने धूर कमी होईल. पूर्ण थांबणार नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

८. शेजाऱ्यांशी हे बोलायचं कसं? संबंध बिघडायला नकोत.

बहुतेक भांडणं ग्रुपवर पहिला मेसेज टाकल्याने पेटतात. सगळ्यांसमोर नाव घेतलं की माणूस हट्टाला पेटतो. एकट्याने किंवा दोघांनी, संध्याकाळी, घरी जा. 'तुम्ही सिगारेट ओढता' असं सुरू करू नका. 'आमच्या बाथरूममध्ये रात्री साडेदहाला धूर येतो, मुलीला दमा आहे' असं सुरू करा. अर्ध्याहून जास्त वेळा समोरच्याला माहीतच नसतं की आपला धूर कुठे जातो. त्यांना तुमच्या बाथरूममध्ये उभं करा आणि त्यांच्या घरात उदबत्ती पेटवून दाखवा. आमच्याकडे एका काकांनी ते बघितलं आणि त्या दिवसापासून ते खाली गेटबाहेर जाऊन ओढायला लागले. तोवर दोन वर्षं भांडण चाललं होतं.

मागणी मोजकी ठेवा. 'सोडून द्या' ही मागणी नाही, तो त्यांचा प्रश्न. 'बाथरूममध्ये नको', 'रात्री दहानंतर बाल्कनीत नको', अशी मागा. आणि जे ठरेल ते लक्षात ठेवायला तारीख टिपून ठेवा, पुढे उपयोगी पडतं (प्रश्न १० पाहा).

९. सोसायटी ठराव करून पूर्ण इमारत, फ्लॅटच्या आतूनसुद्धा, धूम्रपानमुक्त करू शकते का?

सामायिक जागांसाठी हो (प्रश्न २). फ्लॅटच्या आत, नुसते हात वर करून झालेल्या ठरावाने नाही. तसं करायचं तर उपविधीत (सोसायटीच्या बाय-लॉजमध्ये) दुरुस्ती लागते: सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश बहुमत आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे नोंदणी. आणि त्यालाही कुणी आव्हान देऊ शकेल.

पण उपविधीत आधीच एक तरतूद आहे, जिच्याकडे कमिट्या बघत नाहीत. सभासदाने आपल्या फ्लॅटमध्ये इतर सभासदांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असं काही करू नये, अशी. लिकेज, रात्रीचा ढणढणाट, कुबट वास यांवर आपण ती वापरतो. धुरावर का नाही? लेखी तक्रार घ्या, कमिटीच्या बैठकीत ठेवा, दोघांना बोलवा, इतिवृत्तात लिहा. माझ्या अनुभवात इतिवृत्तात नाव आलं की बरंच काही सुटतं.

१०. पोलिसात किंवा कोर्टात जाता येतं का?

येतं, पण फार आशा ठेवून जाऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८० मध्ये, परिसरातल्या लोकांच्या आरोग्याला अपाय होईल अशी हवा दूषित करणाऱ्याला १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अडचण अशी की ते कलम 'सर्वसाधारण लोकां'च्या त्रासाविषयी आहे. एका फ्लॅटचा दुसऱ्या फ्लॅटला होणारा त्रास त्यात बसवणं कठीण जातं. एका मजल्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून तक्रार केली तर वजन येतं.

दुसरा रस्ता दिवाणी न्यायालयात उपद्रवाचा दावा करून मनाई हुकूम मागण्याचा. त्यासाठी पुरावा हवा: तारीख-वेळेची वही, डॉक्टरांचे कागद, सोसायटीला दिलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या, शेजाऱ्यांची साक्ष. वेळ आणि पैसा दोन्ही जातात. बोलून मिटत असेल तर बोलूनच मिटवा.

११. मी फ्लॅट भाड्याने देतो. करारात 'घरात धूम्रपान करायचं नाही' असं लिहिता येतं का?

येतं, आणि लिहाच. लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्यात ही अट, आणि मोडल्यास रंगकाम व सफाईचा खर्च डिपॉझिटमधून कापला जाईल, हे स्पष्ट लिहा. बाल्कनीचाही उल्लेख करा, नाहीतर तिथून वाद सुरू होतो. आणि भाडेकरूच्या बाजूने सांगायचं तर, घर घेण्याआधी बंद खोलीत पाच मिनिटं उभे राहा. पिवळट छत आणि पडद्यांचा वास खोटं बोलत नाही.

१२. माझे सासरे हॉलमध्ये ओढतात. घरात चार महिन्यांचं बाळ आहे. सुनेने बोलायचं कसं?

मला येणाऱ्या पत्रांत सगळ्यांत जास्त हा प्रश्न आहे, शब्द थोडे वेगळे असतात इतकंच. कुणाच्या घरात सासरे, कुणाच्या घरात नवरा, कुणाकडे मोठा दीर. तुम्ही एकट्या नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांना घरात दुसऱ्याच्या धुराला तोंड द्यावं लागत होतं. २००९-१० मध्ये हेच प्रमाण ५२.३ टक्के होतं. म्हणजे घरं बदलताहेत, कुणीतरी कुठेतरी बोलतंय.

बोलायची जबाबदारी स्वतःवर घेऊ नका. ती तुमच्या नवऱ्याची आहे: वडील त्याचे आहेत. हे त्याला स्पष्ट सांगा. दुसरं, बालरोगतज्ज्ञांकडे लसीकरणाला जाताना सासऱ्यांनाच बरोबर न्या आणि डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी आजोबांना सांगितलेलं, यांत आपल्या घरांत अजून फार अंतर आहे. ते अंतर मला खुपतं, पण बाळाची फुप्फुसं ते मिटायची वाट बघू शकत नाहीत. तिसरं, नियम सगळ्यांना सारखा करा. 'बाबांनी ओढू नये' असा नको. 'या घरात कुणीच ओढत नाही, पाहुणेसुद्धा नाही' असा करा, म्हणजे अपमान कुणाचा होत नाही. त्यांच्यासाठी बाहेर सावलीत एक खुर्ची टाका.

माझ्या मुलीचा जन्म झाला तेव्हा माझ्या वडिलांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते आपणहून चाळीच्या गॅलरीच्या टोकाला जाऊन उभे राहिले, जोराचा पाऊस होता, आणि भिजून परत आले. पुढे त्यांनी कधीच आत विडी ओढली नाही. आईला हे पाहून किती बरं वाटलं आणि किती वाईट वाटलं, ते मी तिच्या तोंडावर पाहिलं आहे.

१३. आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत. आता शेवटच्या दिवसांत त्यांची विडी काढून घ्यायची का?

इथे मी नियमाचा हट्ट धरणार नाही. त्यांच्या खोलीत मुलांना त्या वेळी येऊ देऊ नका, बाहेरच्या बाजूची खिडकी उघडा, घराकडचं दार लावा, आणि शक्य असेल तर खुर्चीत बसवून बाहेर न्या. डॉक्टरांना विचारून निकोटीनची पट्टी किंवा गोळी चालते का बघा. तलफ भागते आणि धूर होत नाही.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही. घरात ऑक्सिजन चालू असेल, सिलिंडर असो की कॉन्सन्ट्रेटर, त्या खोलीत विडी, काडी, निरांजन काहीच नको. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याने भिजलेली चादर आणि दाढी भडकन पेट घेते. आणि झोप येत असलेल्या माणसाच्या हातात पेटती विडी कधीही एकटी सोडू नका.

१४. वडील मला नाक्यावर विडी-सिगारेट आणायला पाठवतात. मी नववीत आहे.

बाळा, १८ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकणं कायद्याने गुन्हा आहे, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर ती विकायचीच नाही. दुकानदाराने तुला नाही म्हणायला हवं. वडिलांना हे सांग: "दुकानदार देत नाही." हे सांगायला जमत नसेल तर आईला किंवा वर्गशिक्षकांना सांगायला सांग.

१५. घरकामाला येणाऱ्या मावशी आमच्या धुरात काम करतात. त्यांच्यासाठी काही नियम आहे का?

मला वाटतं हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा होता, आणि आजवर तो मला एकाच व्यक्तीने विचारला आहे. कामाच्या ठिकाणी धूम्रपान नको असं नियम म्हणतात. तुमचं घर तुमच्यासाठी घर आहे, मावशींसाठी ते कामाचं ठिकाण आहे, आणि त्या अशा चार-पाच घरांत जातात. कायदा खाजगी घरापर्यंत या वाटेने पोचतो का, हा वकिलांचा विषय. त्या 'साहेब, सिगारेट विझवा' असं म्हणणार नाहीत, कारण त्यांना काम टिकवायचं आहे. म्हणून त्यांनी म्हणायची वेळ येऊ देऊ नका. त्या येण्याच्या तासभर आधीपासून घरात ओढू नका, आणि ॲशट्रे स्वतः धुवा.

१६. फ्लॅटमध्येच माझा दवाखाना आहे, बायको मुलांच्या शिकवण्या घेते. मग हे घर की सार्वजनिक जागा?

दवाखान्याची खोली आणि वेटिंगची जागा नि:संशय सार्वजनिक. तिथे पाटी हवी. शिकवण्यांच्या खोलीत बाहेरची मुलं येतात, म्हणून तिथेही तसंच वागावं. संध्याकाळी मुलं गेल्यावर त्याच खोलीत ओढली तर दुसऱ्या दिवशीची मुलं त्याच सतरंजीवर बसतात (प्रश्न ६ चा दुसरा भाग).

१७. व्हेप आणि हुक्का घरात चालतो ना? त्यात तर धूर नसतो.

व्हेपचा विषय भारतात वेगळा आहे. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात सगळ्यांवर बंदी आणली. दुकानात मिळतंय याचा अर्थ ते कायदेशीर आहे असा नाही. त्यातून निघतो तो फवारा, वाफ नाही; त्यात निकोटीन आणि बारीक कण असतात.

हुक्क्यात धूर भरपूर असतो, वर कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वायू. पाण्यातून गेल्याने तो थंड होतो, निर्मळ होत नाही. मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या, हुक्का मिळणाऱ्या रेस्टॉरंटच्या डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जण गेले, त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर बंदी आणली. बंद फ्लॅटमध्ये, एसी लावून, चार मित्रांनी हुक्का पेटवणं हे डोकेदुखी आणि गुंगीला आमंत्रण आहे.

१८. आजी मशेरी भाजते. ते धूम्रपानात धरायचं का?

हा प्रश्न कोकणातून आणि सातारा-कोल्हापूरकडून येतो. मशेरी ओढली जात नाही, दातांना लावली जाते. पण ती तयार करताना तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात, आणि तो ठसका ज्याने घेतला आहे तो विसरत नाही. तोही तंबाखूचाच धूर आहे, आणि तो बहुतेक वेळा बायका-मुलांच्या जवळ, स्वयंपाकघरात होतो. भाजायचीच असेल तर मागच्या अंगणात, मुलं दूर असताना. मशेरी मुळात सोडणं हे उत्तम, कारण तोंडाचा कॅन्सर आणि तंबाखूची सवय दोन्ही त्यातून येतात. बायकांच्या तंबाखूला आपण 'दात घासणं' म्हणून झाकत आलो आहोत.

१९. अगरबत्ती, धूप, मच्छरांची कॉइल, चूल... मग यांच्यावरही बंदी घालणार का?

बंदीचा प्रश्न नाही, पण धूर हा धूर आहे, हे खरं. एका अभ्यासात असं निघालं, की मच्छरांची एक कॉइल जळून जितके बारीक कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात. म्हणून बंद खोलीत रात्रभर कॉइल नको; मच्छरदाणी लावा. पूजेला एक उदबत्ती, खिडकी उघडी. चुलीच्या जागी गॅस आला तर घरातल्या बाईची फुप्फुसं वाचतात. 'उदबत्ती चालते मग सिगारेट का नाही' हा युक्तिवाद मात्र मी मान्य करत नाही. एका चुकीने दुसरी बरोबर ठरत नाही, आणि उदबत्तीत निकोटीनचं व्यसन नसतं.

२०. परदेशात घरातल्या धूम्रपानावर काय नियम आहेत?

कॅलिफोर्नियातून आणि जर्मनीतून मराठी वाचक हे विचारतात, कारण त्यांना तिथल्या करारावर सही करायची असते. थोडक्यात:

कॅलिफोर्नियातल्या बेलमाँट शहराने २००७ मध्ये सामायिक भिंत असलेल्या अपार्टमेंटच्या आतसुद्धा धूम्रपान बंद करणारा नियम केला. अमेरिकेच्या केंद्र सरकारने सार्वजनिक गृहनिर्माणातल्या घरांमध्ये आणि इमारतीपासून २५ फुटांच्या आत धूम्रपान बंद केलं. जुलै २०१८ अखेर ते सगळीकडे लागू झालं. यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला पटतो: ही बंदी गरिबांच्या घरावर आली, श्रीमंतांच्या बंगल्यावर नाही.

जपानमध्ये नागोयाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये बाल्कनीत सतत ओढणाऱ्या माणसाला, वरच्या मजल्यावरच्या बाईंना ५०,००० येन भरपाई द्यायला लावली. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये सांगितलं, की त्रास मोठा असेल तर बाल्कनीतल्या धूम्रपानासाठी वेळा वाटून घेता येतील: काही तास त्याचे, काही तुमचे. मला हा निकाल फार शहाणा वाटतो, आपल्या सोसायट्यांना तसाच्या तसा वापरता येईल. सिंगापूरमध्ये २०२० साली संसदेत खिडकी आणि बाल्कनीतल्या बंदीची मागणी झाली. लोकांच्या घरांवर नजर ठेवावी लागेल म्हणून सरकारने ती मानली नाही. तिथे सरकारी इमारतींच्या सामायिक व्हरांड्यांत मात्र बंदी आहे.

२१. आणि स्वतःची गाडी?

टॅक्सी, रिक्षा, बस यांत बंदी आहे. खाजगी गाडीला कोटपाची बंदी लागत नाही. इंग्लंडने १ ऑक्टोबर २०१५ पासून १८ वर्षांखालचं मूल गाडीत असेल तर धूम्रपान गुन्हा ठरवला. आपल्याकडेही हा कायदा यावा असं मला वाटतं. घरात मूल निदान दुसऱ्या खोलीत जाऊ शकतं, गाडीत त्याला पट्ट्याने बांधलेलं असतं.

२२. सोडायचं ठरवलं तर मदत कुठे मिळते?

तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. सल्लागार मराठीतही बोलतात. घरात ओढायचं नाही हा नियम झाला की सिगारेटींची संख्या आपोआप कमी होते, प्रत्येक वेळी चप्पल घालून खाली जावं लागतं ना. ज्यांनी सोडलं त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी मला सांगितलं, की सुरुवात तिथूनच झाली.

२३. मी एकटा राहतो, स्वतंत्र घर आहे, शेजार पन्नास फुटांवर. माझ्यावरही तुमचा आक्षेप आहे का?

नाही. तुमच्या फुप्फुसांची काळजी वाटते, पण आक्षेप नाही. भाचरं दिवाळीला राहायला येणार असतील तर आठ-पंधरा दिवस आधीपासून आत ओढणं बंद करा, पडदे आणि चादरी धुवा, भिंती ओल्या फडक्याने पुसून घ्या. ती आली की बाहेर ओट्यावर बसून ओढा.